तट्ट्यापलीकडचा वर्ग

पौष लागला की आमच्याकडची हवा गोड होते आणि माझं डोकं फिरायला लागतं. दिवेआगरच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या उतारावर आंबा. मोहोर फुटला की त्याचा वास पहाटे धुईबरोबर खाली उतरतो आणि ओटीवर येऊन बसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे छाती भरून श्वास घेतात, डोळे मिटतात, "आहाहा" म्हणतात. मला त्या वासाने दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे या धुईने तुडतुड्याची कीड वाढणार आणि तरीही बागवाला मला झाड निरोगी आहे असंच सांगणार. दुसरी म्हणजे आठवीचा वर्ग.

मी मोहोरावर बागा घेते. झाडाला फळ दिसायच्या आधी, नुसत्या फुलांकडे बघून, पुढच्या उन्हाळ्याचा सौदा करते. मोहोराचा तुरा हातात घ्यायचा, तळव्यावर झटकायचा, किती झडतो, हात किती चिकट होतो ते बघायचं, आणि मालक त्या वेळी कुठे बघतो तेही बघायचं. माझे वडील लोकांच्या बागा राखायचे. ज्या बागांत ते रात्री माकडांमागे आणि चोरांमागे धावले, त्यांतल्या काही बागांचा आंबा आज मी उचलते. लोक मला तोंडाळ म्हणतात, भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. गप्प बसलेल्या माणसाला या धंद्यात डागी आंबा मिळतो.

पण माझं तोंड कुठपर्यंत चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ते वाशीपर्यंत चालतं.

वाशीच्या फळबाजारात मी पहिल्यांदा माल घेऊन गेले तेव्हा भाव अजून रुमालाखाली ठरत होते. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगत. भोवती माणसांचा गराडा असला तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. मला ती भाषा बघताक्षणी आवडली. ना व्याकरण, ना शुद्धलेखन, नुसती बोटं. पण दलाल माझ्यापुढे हात करेना. अंग चोरून उभा राहिला. "बेन, तमे रहेवा दो. तुमच्या मिस्टरांना पाठवा."

मी म्हटलं, "मिस्टर घरी कढी करतायत. हात आणा इकडे."

आजूबाजूचे हमाल हसले. रुमाल मीच टाकला. त्याचा तळवा घामाने ओला झाला होता. त्या दिवशी मला भाव बरा मिळाला, कारण त्याला माझा हात लवकर सोडायचा होता. पुढे त्याच बाजारात मी दलालांच्या पेढ्यांवर बसून गुजराती उचलली, मालवाहू ट्रकांच्या मागे उभी राहून हिंदी उचलली. मी उचलली असंच म्हणते. शिकणं वेगळं. शिकायला कोणीतरी शिकवावं लागतं, आणि मला ज्याची तहान होती ते शिकवणारा माणूस माझ्या पुढ्यातून उठवला गेला. माझा राग तिथला आहे.

मस्कतला माझा माल जातो. तिथला दुकानदार मोहोरातच फोन करतो, यंदा पेट्या किती देणार, भाव काय धरणार. व्हिडिओवर तो दिसतो, त्याच्या मागे फळांच्या राशी दिसतात. फोनच्या दुसऱ्या चौकटीत शमीम असते. शमीम माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावर बसलेली, लग्न करून मस्कतला गेलेली. तिला तिथलं बाजारातलं, शेजारपाजारचं अरबी येतं. माझं म्हणणं ती त्याला सांगते, त्याचं मला. यंदाच्या पहिल्याच फोनला काय झालं ते सांगते. तो म्हणाला, भाव कमी करा, दुसरीकडचा आंबा स्वस्त मिळतो.

मी म्हटलं, "शमीम, त्याला सांग, तो स्वस्तातला आंबा आधी स्वतःच्या घरी खा आणि मग माझ्याशी बोल."

शमीम बोलायला लागली. बोलली, बोलली, बोलतच राहिली. तो मान हलवत होता. मग छातीवर हात ठेवून हसला.

"काय सांगितलंस?"

"हेच की तुमच्या घरच्यांची तब्येत बरी असू दे, आणि आमच्या आंब्यावर तुमची मर्जी असू दे."

"शमीम!"

"अगो, तशीच रीत हाय इकडे. तू बोललीस तसं सांगितलं असतं तर तो उठून गेला असता."

"जाऊ दे की! जाणारा माणूस परत येतो."

"इकडे न्हाय येत, सुलू. इकडे तो कायमचा जातो."

असेल तसंही. नसेलही. ते मला कधी कळणार नाही, हेच तर दुखणं. माझा राग मस्कतला पोचेपर्यंत त्याचं सरबत होतं. घासाघीस ही माझी कमाई. ती मी कोणाकडून उसनी घेतलेली नाही. आणि माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाशी ती मला दुसरीच्या तोंडून करावी लागते. समोरच्याचा आवाज किंचित खाली आला की कुठल्या शब्दावर आला हे मला कळायला हवं. मला नुसता आवाज कळतो, शब्द कळत नाही.

आवाज आधी कळतो, हे मात्र फार जुनं आहे.

शमीमचे अब्बा मस्कतच्या बंदरावर कामाला होते. तेव्हा फोन महाग, पत्राला वेळ, म्हणून ते कॅसेट भरून पाठवत. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. तिची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कॅसेट लावायची, पदराने नाक पुसायची. अब्बा विचारायचे, म्हशीचं काय झालं, छपराचं काय झालं. मला त्यांच्या म्हशीशी देणंघेणं नव्हतं. मी त्यांच्या आवाजामागे चाललेला आवाज ऐकत होते. ते बहुधा बाजारात उभे राहून बोलत असावेत. मागे कोणीतरी कशाची तरी किंमत सांगत होतं आणि दुसरं कोणीतरी ती मानायला तयार नव्हतं. एक शब्द कळत नव्हता, पण भांडण सगळं कळत होतं. आता हा नरमला, आता तो चढला, आता मिटलं. मी शमीमला म्हटलं, "परत लाव." तिच्या आईला वाटलं, पोरीचा किती जीव आहे आमच्यावर.

आमच्या शाळेत आठवीला विषय निवडायचा असे. वाडीतली मुलं संस्कृत नाहीतर पूर्ण हिंदी घेत, मोहल्ल्यातली मुलं अरबी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाणी उताराला जावं तशी मुलं आपापल्या बाजूला जात. जूनमध्ये मी शमीमच्या मागे अरबीच्या वर्गात जाऊन बसले. मुकादम सरांनी हजेरी घेताना चष्म्याच्या वरून बघितलं. "तू चुकून आलीस काय?"

"न्हाय सर. मुद्दाम आलेय."

"घरी विचारलंस?"

"व्हय," मी ठोकून दिलं.

मुकादम सर तरुणपणी बसऱ्याकडे एका पेढीवर कारकून होते. त्यामुळे त्यांची अरबी नुसती पुस्तकातली नव्हती, तिला दुकानाचा वास होता. उजवीकडून लिहायचं, अक्षराला अक्षराचा हात धरायला लावायचं. एक अक्षर घशाच्या तळातून काढावं लागे. ते कोणाला जमेना. सर म्हणाले, "आंब्याची कोय घशात अडकलीय असं समजा. आता ती बाहेर काढा." सगळा वर्ग खाकरायला लागला. मला पहिल्या दिवशी जमलं. मोहल्ल्यातली मुलं वळून बघायला लागली.

शुक्रवारी शेवटच्या तासाला सर बाजार भरवत. खडूचे तुकडे म्हणजे खजूर, डस्टर म्हणजे कापडाचा गठ्ठा. एकाने विकायचं, एकाने घ्यायचं, आणि मराठी शब्द तोंडातून आला की बाद. "बिकम?" म्हणजे केवढ्याला, इथून सुरुवात. शमीम दोन वाक्यांत सौदा संपवून मोकळी व्हायची, तिला कंटाळा यायचा. मी सोडत नसे. खजूर ओले आहेत, आकाराला लहान आहेत, काल दुसऱ्याकडे बरे होते, जेवढे शब्द आले होते तेवढे सगळे मी फेकायची आणि शब्द संपले की हातवारे. सर पोट धरून हसायचे. एकदा म्हणाले, "हिला बसऱ्याला नेलं असतं तर पेढीवाला रडला असता." एवढं कौतुक माझं त्याआधी कोणी केलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. घरी येताना मी वाटेतल्या कुंपणांशी, गाईंशी, आंब्याच्या बुंध्यांशी अरबीत भाव करत यायची. मला अजून हवं होतं. अरबी झाली की फारसी, मग सर म्हणत तसं बंदरावर ऐकू येणारं सगळंच. अशी भूक मला नंतर पैशाचीही लागली नाही.

मग सहामाही झाली, आणि मी शाळेत पहिली आले. तिथेच घात झाला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी हेडसरांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील चपला बाहेर काढून ऑफिसच्या दारात उभे राहिले. खुर्ची होती, पण त्यांना कोणी बस म्हटलं नाही आणि ते आपण होऊन बसणाऱ्यांतले नव्हते.

हेडसर म्हणाले, "मुलगी हुशार आहे. बोर्डात शाळेचं नाव काढेल. पण अरबीला पेपर तपासणाऱ्यांचा हात आखडता असतो. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात. आजपासून ती संस्कृतला बसेल."

मी म्हटलं, "सर, मला अरबीच पायजे."

"कशाला? आखातात नोकरीला जायचंय तुला?"

कारकून मान वर न करता म्हणाला, "मग ईदची सुट्टी पहिली हिलाच द्यायला लागंल." सगळे हसले. वडीलही हसले, घाबरून. म्हणाले, "सर सांगतात तर बरोबरच असंल. आपल्याला त्यातला काय कळतोय?"

मी धावत मुकादम सरांकडे गेले. ते टेबलावरचे खडू पेटीत भरत होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगा हेडसरांना. तुमचं ऐकतील." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "बेटी, संस्कृतही मोठी जबान आहे. मन लावून शिक."

"पण तुम्ही एकदा सांगून तर बघा."

"माझी नोकरी तात्पुरती आहे," ते म्हणाले. "मी मागायला गेलो तर मलाच विचारतील, तुझा वर्ग तरी कशाला हवा?"

हेडसरांना मी कधीच माफ केलं नाही, ते ठीकच. पण खरा चटका या माणसाने दिला. ज्याने आम्हाला खडूच्या खजुरासाठी हटून बसायला शिकवलं, त्याने माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही. नाही मिळालं असतं, मान्य. पण मागायचं तरी होतं. मी आज कुठल्याही सौद्यात गप्प बसत नाही त्याला एक कारण त्या पेटीचं लागलेलं झाकणही असेल.

संस्कृतचा आणि अरबीचा वर्ग शेजारी शेजारी, मधे बांबूचा तट्टा. पौष आला, शाळेमागच्या कलमांना मोहोर आला. खिडकीतून वास आत यायचा, त्याच्याबरोबर बारीक चिलटं यायची आणि वहीवर, मानेवर चिकटायची. तट्ट्याच्या या बाजूला आम्ही विभक्ती घोकायचो, त्या बाजूला मुकादम सर एक वाक्य म्हणत आणि मुलं मागून म्हणत. शुक्रवारी पलीकडे बाजार भरायचा. कोणीतरी फार स्वस्तात सोडून द्यायचं. मला तट्टा फोडून ओरडावंसं वाटायचं, अरे, एवढ्यात देतोस? अजून थांब!

इकडे बाई सांगायच्या, हा श्लोक दरवर्षी येतो, हा पाठ करा. हा येत नाही, सोडा. अर्थ गाईडमध्ये आहे. माझा संस्कृतवर राग नाही. संस्कृत तरी मला कुठे कोणी शिकवलं? मला मार्क शिकवले. दहावीला ते पडलेही, भरघोस पडले. पेपर दिला त्या दुपारी मी घरी पोचेपर्यंत त्यातलं बहुतेक माझ्या डोक्यातून गळून गेलं होतं. ते राहावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आणि पलीकडून चोरून ऐकलेली अरबी वाक्यं अजून जिभेवर आहेत, अर्धी-मुर्धी, अर्थ तुटलेली.

वर्ग मात्र राहिला नाही. सरकारी नियमाने अरबीच्या वर्गाला ठरावीक मुलं लागत. मला काढल्यावर एक मूल कमी पडलं. पुढच्या जूनमध्ये वर्ग बंद झाला, मुकादम सर गेले, शमीम आणि बाकीची मुलं पूर्ण हिंदीला बसली. हेडसरांना हा हिशोब आधी माहीत होता का? लोक म्हणतात, नसावा, त्यांचा जीव निकालात अडकलेला होता. मी माहीत होता असंच धरून चालते. शमीम अजून फोनवर चिडवते, "तू गेलीस नि आमचा वर्ग मोडलास."

"मी गेले न्हाय. मला नेला."

"तेच गो. पण मोडला की न्हाय?"

तिला अरबी बोलता येते, वाचता येत नाही. दुकानाची पाटी ती नातवाकडून वाचून घेते. हसत सांगते. मला हसू येत नाही.

लोक म्हणतात, आता काय, फोनवर शिका, सगळ्या भाषा फुकट आहेत. तेही केलं. पहाटे बागेत जाताना कानात घालून शिकते. अरबी शिकले थोडी, हौसेने जपानीही चाळून पाहिली. पण फोन उलट बोलत नाही. चुकलं तर लाल खूण दाखवतो, बरोबर आलं तर घंटी वाजवतो. त्याला माझ्याकडून काही नको असतं. ज्याला आपल्याकडून काही नको, त्याच्याशी भाषा कशी बोलायची? आणि घसाही आता वळत नाही. ते तळातलं अक्षर काढायला गेले की नुसता खोकला येतो.

म्हणून या मोहोरात शाळेतून निरोप आला तेव्हा मी गेले. गॅदरिंगला पाहुणी म्हणून बोलावत होते. पाहुणीला कशासाठी बोलावतात ते मला कळतं. मागची वर्गखोली वादळात पडली ती अजून तशीच आहे. ऑफिसात नव्या मुख्याध्यापिका होत्या, संस्थेचे अध्यक्ष होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. मी वेळ घालवला नाही.

"खोली बांधून देते. पण त्या खोलीत एक परदेशी भाषा शिकवायची. अरबी आणा, जर्मन आणा, जपानी आणा, मला चालेल. शिक्षकाचा पगार मी देईन. मुलांकडून एक पैसा घ्यायचा नाही. आणि वाडीचं-मोहल्ल्याचं, ज्याला बसायचं त्याला बसू द्यायचं. संध्याकाळी मीही येऊन मागे बसेन."

अध्यक्ष बिस्किट बुडवत होते. "ताई, कल्पना छान आहे. पण त्यात स्कोअरिंग काय?"

"शिकतील की! उद्या बंदरावर, हॉटेलात, धंद्यात..."

"पालक पहिला प्रश्न तोच करतात हो," बाई म्हणाल्या. "याला मार्क किती? मुलं तिकडे वळली तर संस्कृतची तुकडी फुटेल. आणि खरं सांगू का, आम्ही तर मुलींना तुमचंच उदाहरण देतो."

"माझं?"

"हो ना! सांगतो, सुलभाताईंनी आठवीत अर्ध्या वर्षातून विषय बदलून संस्कृत घेतलं, जिद्दीने मार्क काढले, म्हणून आज त्यांचा माल परदेशात जातो. या वर्षी अजून दोन मुली हिंदी सोडून संस्कृतला आल्या, तुमच्यामुळे."

मी कप खाली ठेवला. मी उठले. सौदा अडला की उठायचं असतं. भांडत उठायचं नाही, शांतपणे उठायचं, दाराशी जायचं, चपलेत पाय घालायला वेळ लावायचा. समोरचा हाक मारतो. मोहोरावर, पेटीवर, वाशीत, गावात, मला हाक आली नाही असं कधी झालेलं नाही.

मी दाराशी चपलेचा पट्टा काढला, परत लावला. आत अध्यक्ष मंडपवाल्याबद्दल बोलायला लागले होते. मी अंगणात उतरले, कलमाखाली उभी राहिले, फोन बघितल्यासारखं केलं. हाक आली नाही. त्यांना खोली हवी होती, आणि खोली काय, समुद्रावरचा कोणीही हॉटेलवाला देईल. मला जे हवं होतं ते त्यांच्या दुकानात कधी ठेवलेलंच नव्हतं.

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. आपण होऊन परत आत गेले.

"खोली घ्या," मी म्हटलं. "नाव लावू नका, दगड बसवू नका. एकच मागणं आहे. माझं उदाहरण त्या पोरींना देऊ नका. मी विषय बदलला नव्हता. माझा विषय काढून घेतला होता. मला संस्कृतचं एक वाक्य बोलता येत नाही आणि मस्कतच्या माणसाला मला साधं नाही म्हणता येत नाही. हे सांगा त्यांना, सांगायचंच असेल तर."

मग अध्यक्षांचे डोळे भरून आले. ते बाईंकडे वळून म्हणाले, "बघितलंत? एवढं करून किती नम्रपणा!" बाईंनी मान डोलावली. "हेच आपण गॅदरिंगला सांगू या मुलींना." आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मी सगळं मराठीत सांगितलं होतं.